गाडी कोणाची, ओळख कोणाची?



दुकान वाढवून घरी आल्यानंतरचे दोन तास आपल्या बहुतेक कुटुंबांत दूरचित्रवाणीचे असतात. चौविहार पाळणारी मंडळी सूर्यास्तापूर्वीच जेवलेली असतात, त्यामुळे हा वेळ निवांत असतो. या दोन तासांत पडद्यावर जी माणसे येतात त्यांच्याकडे आपण लक्ष देऊन पाहतो. ती ज्या वाहनांतून येतात त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष नसते, तरी ती वाहने मनात राहतात. बंगल्याच्या फाटकातून एक लांब काळी गाडी आत येते, दार उघडते, प्रथम चकचकीत बूट दिसतो. पात्राचा चेहरा अजून समोर आलेला नसतो, तोच घरातील दहा वर्षांचे मूल सांगून टाकते, ‘‘दादाजी, हा मोठा माणूस आहे.’’ दादाजीही मान डोलावतात. हा निष्कर्ष इतक्या सहज कसा निघाला आणि तो कितपत खरा मानावा, याचा विचार आजच्या लेखात करावयाचा आहे.

त्या मुलाचे वाचन चुकलेले नसते. मालिका तयार करणाऱ्यांनी त्याला हेच वाचावयास शिकवलेले असते. रोज एक भाग प्रसारित व्हावयाचा असल्यामुळे दैनंदिन मालिकेचे चित्रीकरण झपाट्याने उरकावे लागते. रस्त्यावरच्या दृश्यासाठी परवानगी काढणे, गर्दी आवरणे, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणे या साऱ्याला वेळ व पैसा लागतो. म्हणून आपल्या कौटुंबिक मालिकांत धावणारी मोटार क्वचितच दिसते. बहुधा ती पोर्चमध्ये येऊन थांबलेली दिसते. माणसाला कोठे पोहोचवणे हे तिचे काम नसते, तो कोण आहे हे सांगणे एवढेच तिचे काम असते. नायकाची सांपत्तिक स्थिती संवादांतून उलगडावयाची तर एखादा भाग खर्ची पडेल. गाडीचे एक दृश्य ते काम काही क्षणांत करते. मध्ये जाहिरातींचा वेळ येतो, आणि तेथेही नवी मोटार असतेच. मोठा माणूस गाडीवरून ओळखावा, असे मालिका सांगते. ती गाडी हप्त्यांवर मिळते, असे जाहिरात सांगते. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत कानावर पडतात.

चिन्ह आणि योग्यता

चिन्हावरून ओळख पटवण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. मंदिरात जिनप्रतिमांची ध्यानमुद्रा एकसारखी असते. प्रतिमा कोणत्या तीर्थंकरांची आहे हे आपण पीठावरील लांछन पाहून जाणतो. वृषभ असेल तर ऋषभदेव, हत्ती असेल तर अजितनाथ, अश्व असेल तर संभवनाथ, सिंह असेल तर भगवान महावीर. पवित्र गोष्टीची लौकिक गोष्टीशी बरोबरी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. त्यातील एक तत्त्व मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. लांछन ओळख पटवते, योग्यता देत नाही. सिंह पीठावर आहे म्हणून महावीर पूज्य झाले नाहीत. ते पूज्य आहेत, म्हणून तो सिंह पीठावर आहे. चिन्ह आणि योग्यता यांच्यातील हा क्रम उलटला की गोंधळ सुरू होतो. पडद्यावरील काही प्रसिद्ध पात्रे आणि त्यांची वाहने या कसोटीवर लावून पाहू.

आपल्या घरांतील मुलांना ‘मिस्टर बीन’ चांगला ठाऊक आहे. रोवन अ‍ॅटकिन्सन यांची ही ब्रिटिश मालिका १९९० साली सुरू झाली. बीनची गाडी म्हणजे पोपटी रंगाची, काळ्या बॉनेटची चिमुकली मिनी. तिच्या दाराला तो बाहेरून कडी आणि कुलूप लावतो. चोरीच्या भीतीने सुकाणूचक्रच काढून बरोबर नेतो. एका भागात खरेदीचे सामान गाडीत मावेना, तेव्हा हा गृहस्थ टपावर आरामखुर्ची बांधतो आणि झाडूच्या दांड्याने व दोऱ्यांनी खालची गाडी चालवतो. बीन क्वचितच बोलतो. त्याचा संशयी, एकलकोंडा, हट्टी आणि तरीही लहान मुलासारखा स्वभाव त्या गाडीतूनच कळतो. निळी तीनचाकी गाडी दिसली की तो तिला हटकून अडचणीत आणतो. त्याच्यातील क्षुद्रपणाही असा गाडीच्याच द्वारे प्रकट होतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ‘कोलंबो’ या गुप्तहेर मालिकेचे. पीटर फॉक यांनी १९६८ पासून ही भूमिका केली. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातील हा लेफ्टनंट चुरगळलेला रेनकोट घालतो आणि जुनी, खडखडणारी प्यूजो ४०३ गाडी चालवतो. ही गाडी फॉक यांनी स्वतः स्टुडिओच्या गॅरेजमधून निवडली होती. मालिकेतील गुन्हेगार बहुधा श्रीमंत आणि प्रतिष्ठित असतात. आलिशान बंगल्यासमोर ती खटारा गाडी उभी राहिली की त्यांना वाटते, या मनुष्यापासून आपल्याला काय धोका असणार? त्या समजुतीतच ते बेसावध होतात आणि पकडले जातात. गाडीवरून माणसाची किंमत करणारा फसतो, हे मालिका प्रत्येक भागात दाखवते.

तिसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे, कारण ते एका व्यापाऱ्याचे आहे. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ ही मालिका १९८१ साली बीबीसीवर सुरू झाली. लंडनच्या पेकहॅम भागातील ट्रॉटर बंधू बाजारात मिळेल तो माल स्वस्तात घेऊन विकतात. त्यांच्याकडे एक पिवळी, तीन चाकांची, गंजत चाललेली रिलायंट व्हॅन आहे, आणि तिच्यावर कंपनीच्या नावासोबत न्यू यॉर्क, पॅरिस आणि पेकहॅम अशी गावांची नावे रंगवलेली आहेत. धंदा गल्लीचा, पाटी जगाची! थोरला भाऊ डेल ‘पुढच्या वर्षी आपण कोट्यधीश होऊ’ या आशेवर जगतो. १९९६ साली प्रसारित झालेल्या भागात एका जुन्या घड्याळाच्या लिलावातून ते खरोखरच कोट्यधीश होतात. पुढच्या कथेत गुंतवणूक बुडते आणि सारे जाते. प्रेक्षकांच्या मनात त्यांचे वैभव राहिले नाही, ती पिवळी व्हॅन राहिली, कारण त्या दोघांचे खरेपण तिच्यात होते. आपल्याकडेही छोट्या मालवाहू गाडीवर, ज्याला सारे ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्यावर, मागच्या बाजूस लिहिलेला मजकूर वाचून मालकाचा स्वभाव थोडाफार कळतोच.

निवड नव्हती तेव्हा

आपल्या देशात वाहनाने पात्राबद्दल इतके बोलणे बरेच अलीकडचे आहे. दूरदर्शनवर १९८४ साली ‘हम लोग’ आणि १९८६ साली ‘नुक्कड’ सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांच्या परिचयाच्या मोटारी जेमतेम दोन-तीन होत्या. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियरची फियाट म्हणजेच पद्मिनी, आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००. मंत्र्यांची अ‍ॅम्बेसेडर, कारखानदारांची अ‍ॅम्बेसेडर आणि भाड्याची अ‍ॅम्बेसेडर यांत फरक असे तो पांढऱ्या रंगाचा, खिडकीच्या पडद्यांचा किंवा टपावरील लाल दिव्याचा. तो लाल दिवाही १ मे २०१७ पासून गेला. निवडच नसल्यामुळे गाडीवरून स्वभाव ओळखण्याचा प्रश्नच फारसा येत नसे.

येथे एका नावाचा आदराने उल्लेख केला पाहिजे. ती फियाट ज्या कारखान्यातून बाहेर पडे तो मुंबईतील कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना शेठ वालचंद हिराचंद यांनी उभारला. सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ साली त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. बांधकाम, जहाजे, विमाने आणि मोटारी या सर्व क्षेत्रांत त्यांनी देशी उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली. १९४४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली पहिली मोटार कारखान्यातून निघाली. पुढे १९७४ पासून फियाटची पद्मिनी झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती इतकी वर्षे धावली की शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी. आपल्या समाजातील एका व्यापाऱ्याने मोटारीकडे मिरवण्याची वस्तू म्हणून न पाहता निर्माण करण्याची वस्तू म्हणून पाहिले, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. वाहनातून व्यक्तित्व प्रकट होते म्हणावयाचे असेल, तर वालचंदशेठांचे व्यक्तित्व ते चालवीत असलेल्या गाडीपेक्षा त्यांनी काढलेल्या कारखान्यात अधिक दिसते.

१९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली. १९९२ साली झी टीव्ही आला, १९९९ साली मराठीसाठी अल्फा वाहिनी आली. परदेशी मोटार कंपन्याही त्याच सुमारास आल्या. वाहिन्यांची आणि वाहनांची संख्या एकाच काळात वाढली, आणि मोटार ही स्वभावाची भाषा झाली. खलनायकाची गाडी काळी आणि काचाही काळ्या, उधळ्या मुलाची गाडी लाल आणि बिनछपराची, प्रामाणिक नोकरदाराची लहान आणि फिक्या रंगाची, असे संकेत ठरून गेले.

सखाराम, रिक्षा आणि बसचा थांबा

संकेत ठरले तरी चांगले लेखक त्यांच्या पलीकडे जातात. २००८ पासून चाललेली ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका गुजराती लेखक तारक मेहता यांच्या ‘चित्रलेखा’मधील सदरावरून निघाली. तिच्यातील आत्माराम भिडे मास्तर हे मराठी गृहस्थ. शिकवण्या घेतात, सोसायटीचे सेक्रेटरीपद सांभाळतात आणि पत्नी माधवीला लोणची-पापडांच्या व्यवसायात हातभार लावतात. त्यांच्या जुन्या स्कूटरचे नाव ‘सखाराम’. वाहनाला माणसाचे नाव देणे ही किती मराठी गोष्ट आहे! ती स्कूटर त्यांच्या घरातील एक सदस्यच आहे. तिच्यात त्यांचा काटकसरीपणा दिसतो, जुन्याला न टाकण्याची वृत्ती दिसते आणि थोडा स्वाभिमानही दिसतो. आपल्या वर्ध्याच्या जमनालालजींच्या घराण्यातून पुढे आलेल्या बजाजच्या स्कूटरने एके काळी सबंध मध्यमवर्गाच्या मनात हेच स्थान मिळवले होते. १९८९ ची ‘हमारा बजाज’ ही दूरदर्शनवरील जाहिरात आजही पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना आठवते, कारण त्या वाहनात प्रतिष्ठेपेक्षा आपलेपणा अधिक होता.

त्याच मालिकेतील जेठालाल गडा तर व्यापारीच. ‘गडा इलेक्ट्रॉनिक्स’ हे त्याचे चांगले चालणारे दुकान, डोक्यावर वडिलांचा धाक. हा गृहस्थ दुकानात जातो तो बहुधा रिक्षाने, नाही तर शेजारी सोढीच्या गाडीतून. आपल्या बाजारपेठेतील मागच्या पिढीचे अनेक शेठजी असेच होते. गल्ल्यावर लाखोंची उलाढाल, पण स्वतः पायी किंवा सायकलवर. जेठालालची फजिती पाहून आपण हसतो, तरी त्याच्याबद्दल मनात विश्वास असतो. त्या विश्वासाचे एक कारण त्याचे साधे येणे-जाणे हेही आहे.

मराठीत ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका २०१३ साली आली. गोखले गृह उद्योगाचा वारस असलेला श्री आणि सामान्य घरातील जान्हवी यांची ओळख फुलली ती बसच्या थांब्यावर. कोट्यधीश नायकाला लेखकांनी मोटारीतून उतरवून बसच्या रांगेत उभे केले, आणि एवढ्यावरून प्रेक्षकांनी त्याला आपला मानले. याच्या उलट २०१८ च्या ‘तुला पाहते रे’ मधील विक्रांत सरंजामे. उद्योगपती, सुसंस्कृत, मितभाषी, राहणीत कोठेही उणे नाही. कितीतरी भाग प्रेक्षकांनी त्याच्यावर जीव टाकला. पुढे उलगडा झाला की हा गजा पाटील नावाचा, खून पचवून वैभव मिळवलेला मनुष्य. थाटमाट पाहून माणूस पारखणाऱ्या सबंध महाराष्ट्राला त्या लेखकांनी एक धडाच दिला.

एक लेक्सस

या विषयातील सर्वांत बोलके वाहन २०२० सालच्या ‘स्कॅम १९९२’ या मालिकेत आहे. हंसल मेहता दिग्दर्शित ही मालिका सुचेता दलाल आणि देवाशीष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. प्रतीक गांधी यांनी उभा केलेला हर्षद मेहता काल्पनिक नाही. तो आपल्यासारख्याच गुजराती जैन घरातला, वडील छोटे व्यापारी, शालेय शिक्षण रायपूरला, म्हणजे आपल्या विदर्भाच्या शेजारी. मुंबईत नोकऱ्या करत तो शेअर बाजाराच्या शिखरावर गेला. त्याची लेक्सस गाडी ही त्या उंचीची खूण होती. देशात अशी मोटार दिसणेच त्या काळी दुर्मिळ. वरळीला समुद्राकाठी प्रशस्त घर, त्यात गोल्फ खेळण्याची सोय आणि दारात मोटारींची रांग. वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे झळकली. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांच्या वृत्ताने बँकांच्या पैशांचा प्रकार उघडकीस आला. त्याआधी या मनुष्याकडे इतका पैसा येतो कोठून, हे कुतूहल निर्माण करण्यात त्या दिमाखाचा वाटा होताच.

मालिका पाहून काही तरुणांच्या मनात राहिले ते त्या लेक्ससमधून उतरण्याचे दृश्य आणि त्यामागचे संगीत. पुढचे भाग, म्हणजे चौकशा, तुरुंग, अकाली मृत्यू आणि कुटुंबाने वर्षानुवर्षे सोसलेले खटले, हे तितके राहिले नाही. लहान गुंतवणूकदारांची आयुष्यभराची पुंजी गेली, हे तर अनेकांना आठवतही नाही. पडद्यावरील गाडी स्वभावाचा आरसा असते हे खरे. त्या आरशात हर्षदचे धाडस दिसते, तशी त्याची न थांबणारी हावही दिसते. आपण कोणते प्रतिबिंब पाहतो, यावर आपली परीक्षा आहे.

सेलूच्या बाजारात

आता पडद्यावरून आपल्या अंगणात येऊ. आमचे सेलू हे वर्धा–नागपूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर येथील बाजार चालतो. मोटार येण्यापूर्वीही येथे वाहनांवरून माणूस ओळखला जाई. माल वाहण्याची ती बंडी, माणसांच्या प्रवासाची ती रेंगी किंवा दमणी. कोणाची जोडी कशी आहे, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा आहेत की नाहीत, याची चर्चा पारावर होई. वाहनाचा मोह आजचा नाही. फरक असा, की ती बैलजोडी घरच्या कडब्यावर पोसली जाई. आजची मोटार बहुधा बँकेच्या हप्त्यावर पोसली जाते.

व्यापाऱ्याचे खरे भांडवल पत हे असते. पत म्हणजे समोरच्याने डोळे मिटून टाकलेला विश्वास. कास्तकार आपला कापूस काट्यावर ठेवतो आणि हिशेबासाठी आपल्या तोंडाकडे पाहतो, तेव्हा तो आपली पतच पाहत असतो. भाव पडलेल्या वर्षी, चुकारा बाकी असताना, दुकानासमोर नवी कोरी मोठी गाडी उभी राहिली तर त्याच्या मनात काय येईल, याचा विचार प्रत्येक व्यापारी घराने करावा. तो उघड बोलणार नाही. पुढच्या हंगामात त्याची बंडी दुसऱ्या काट्याकडे वळेल, एवढेच. आपल्या पूर्वजांनी साधेपणा पाळला तो केवळ कंजूसपणाने नव्हे. ज्याच्या घामावर आपला धंदा चालतो त्याच्या नजरेची त्यांना लाज होती.

गाडी घेऊच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. वर्धा, हिंगणघाट आणि नागपूरच्या फेऱ्या, वृद्धांचे दवाखाने, मुलांच्या शाळा, तीर्थयात्रा या गरजा खऱ्या आहेत. घरातील सून किंवा मुलगी स्वतः वाहन चालवू लागली की तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही, हेही मोठे सुख आहे. गरजेची गाडी निश्चिंतपणे घ्यावी. चिंता आहे ती दुसऱ्याच एका गाडीची. विवाहाच्या बोलण्यांत ‘मुलाकडे गाडी कोणती?’ हा प्रश्न आता व्यवसायाच्या आधी विचारला जातो. काही ठिकाणी गाडी मुलीकडून अपेक्षिली जाते आणि तिला ‘भेट’ असे गोंडस नाव दिले जाते. मुलीचा पिता दुकानाच्या मालावरचे कर्ज वाढवतो, नाही तर वखारीचा सौदा करतो. मंडपासमोर फुलांनी सजवलेली ती गाडी पाहून पाहुणे म्हणतात, ‘मोठे घर आहे!’ मालिकेतील त्या दहा वर्षांच्या मुलाचाच हा निष्कर्ष, आता मोठ्या माणसांच्या तोंडून निघालेला. त्या गाडीतून एका घराचा स्वभाव दिसतो खरा, पण तो घेणाऱ्यांचा. तो काही भूषणावह नसतो. अशा संबंधाला ठाम नकार देणारे मुलगे आणि त्यांचे वडीलही समाजात आहेत. त्यांचे कौतुक मात्र आपण मोठ्याने करीत नाही. ते केले पाहिजे.

आनंद श्रावकाचे गाडे

वाहने किती असावीत, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वी विचारलेला आहे. उपासकदशांग या आगमात भगवान महावीरांचा गृहस्थ शिष्य आनंद याची कथा येते. वाणिज्यग्रामचा हा अतिशय धनाढ्य गृहस्थ. त्याने श्रावकाची व्रते घेतली तेव्हा आपल्या संपत्तीची मोजदाद करून मर्यादा बांधली. त्यात सोने आले, गाई आल्या, शेती आली आणि वाहनेही आली. दूरदेशीच्या प्रवासाला ५०० गाडे आणि जवळची वाहतूक करण्यास ५०० गाडे, याहून अधिक ठेवणार नाही, असा त्याचा नियम.

आजच्या वाचकाला हसू येईल. हजार गाडे ठेवणाऱ्याने कसला त्याग केला? पण कथेचे मर्म आकड्यात नाही. आनंदाने आपली गरज स्वतः मोजली, आकडा स्वतः ठरवला आणि त्यापुढे ‘पुरे’ म्हटले. त्याचे गाडे व्यापाराच्या उपयोगाचे होते. त्यांतील एकही दारात उभे करून मिरवण्यासाठी नव्हते. अपरिग्रहाचे गृहस्थासाठी ठरवलेले रूप हे परिग्रहाच्या परिमाणाचे आहे. दारिद्र्याची सक्ती त्यात नाही. मोजमाप आहे, आणि मोजमाप व्यापाऱ्याला कठीण जाऊ नये.

रोजच्या चौदा नियमांतही ‘वाहन’ हा एक नियम आहे. आज किती वाहने वापरीन, हे सकाळी ठरवावयाचे. अनेक श्राविका हे नियम आजही धारण करतात, पण घरातील तरुणांना त्यांचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. दुचाकीने जाण्याजोगे काम असेल तर मोटार काढणार नाही, पायी जाण्याजोगे असेल तर दुचाकी काढणार नाही, एवढे जरी सांगितले तरी मूल तो नियम सहज घेईल. पर्यावरण आणि प्रदूषण यांवर शाळेत निबंध लिहिणाऱ्या मुलाला हा नियम जुनाट वाटणार नाही.

शेवटी एक गोष्ट, जी मालिकांत कधीच दिसत नाही. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि पायी चालणाऱ्याला प्रवेश नाही. पायी चालणाऱ्यांसाठी उरतो तो केळझर, सेलू, पवनारवरून जाणारा जुना रस्ता आणि गावोगावचे फाटे. चातुर्मासाबाहेरच्या आठ महिन्यांत साधू-साध्वींचा विहार याच रस्त्यांवरून होतो. अनवाणी पाय, हाती उपकरणे आणि दृष्टी चार हात पुढच्या भूमीवर. ही त्यांची ईर्यासमिती. चार हात म्हणजे जेमतेम दोन मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. पहाटेच्या अंधुक प्रकाशात या दोन मापांची गाठ पडते तेव्हा काय घडते, हे आपण दर वर्षी वर्तमानपत्रांत वाचतो आणि हळहळतो. ठिकठिकाणचे विहारसेवेतील युवक चमकते जाकीट घालून साध्वीजींसोबत चालतात, ही मोठी सेवा आहे. पण रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीत आपणच बसलेले असतो. पुढे पांढरी वस्त्रे दिसली किंवा दिगंबर मुनिराज दिसले, तर गाडीचा वेग कमी व्हावा. डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसली, शाळेला निघालेले मूल दिसले, रस्ता ओलांडणारे कुत्रे दिसले तरीही तो कमी व्हावा. जीवदया काही वेष पाहून करावयाची नसते.

मालिकेचा लेखक पात्राला गाडी देतो तेव्हा ती कोणत्या कंपनीची, किती किमतीची, कोणत्या रंगाची, एवढेच तो ठरवू शकतो. आपल्या गाडीच्या बाबतीत मात्र आणखी काही प्रश्न आपल्या हातात असतात. ती गरजेपुरती आहे का, ती कोणाच्या कर्जावर किंवा कोणाच्या अश्रूंवर उभी नाही ना, तिच्यात शेजारच्या आजारी माणसाला रात्री दोन वाजता जागा मिळते का, आणि वाटेत पायी चालणारा दिसला की ती हळू होते का? या उत्तरांवरून मालकाचा स्वभाव कळतो. सेलूसारख्या लहान गावात तो सर्वांना कळलेला असतोच, गाडीची किंमत कोणी विचारली नाही तरीही.